शेतकऱ्याचे वाढते वय आणि आपली भाकरी

आमच्या विद्यालयातील पुष्कळ विद्यार्थ्यांची मूळ घरे माण, खटाव, पाटण, जावळी, खानापूर, आटपाडी अशा तालुक्यांतील खेड्यांत आहेत. दिवाळीच्या अथवा मे महिन्याच्या सुट्टीत ही मुले गावी जातात, तेव्हा त्यांस घरी कोण भेटते? बहुधा आजोबा आणि आजी. एक चुलते मुंबईकडे माथाडी कामावर, दुसरे गलाईच्या, म्हणजे सोनेचांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात दूर दक्षिणेस, तिसरे सैन्यात. आणि घरची तीन-चार एकर जमीन, दोन म्हशी व विहिरीवरची मोटार यांचा सारा कारभार सत्तरीच्या घरात पोचलेल्या दोन माणसांच्या अंगावर. मुलांस यात काही विशेष वाटत नाही, कारण त्यांनी दुसरे चित्र पाहिलेलेच नसते. परंतु या चित्राचा आणि आपल्या ताटातील भाकरीचा, भाजीचा व दुधाचा फार निकटचा संबंध आहे. तो कसा, हे थोडे उलगडून सांगावे असा आमचा विचार आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, वृद्धांची संख्या वाढणे ही मुळात आनंदाची गोष्ट आहे. १९५१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मणाऱ्या बालकाचे सरासरी आयुर्मान अवघे बत्तीस वर्षांच्या आसपास होते. हल्ली ते सत्तरीच्या जवळ आले आहे. पटकी, देवी, हिवताप यांनी गावेच्या गावे ओस पडत, तो काळ गेला. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस रुग्णालय उघडले, त्या वेळी या भागातील किती माणसे म्हातारपण पाहावयास उरत असतील याची कल्पनाच केलेली बरी. दुसरीकडे मुलांची संख्या घटली. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील एका स्त्रीस सरासरी १.७ मुले होतात असे आढळले. लोकसंख्या जागच्या जागी स्थिर राहावयास हा आकडा २.१ लागतो. २०११ च्या शिरगणतीत साठ वर्षांवरील माणसे भारतात सुमारे १० कोटी ४० लाख, म्हणजे शेकडा ८.६ होती, महाराष्ट्रात हेच प्रमाण शेकडा ९.९, म्हणजे दहांत एक असे होते.

पण हा झाला एक प्रवाह. सातारा-सांगलीच्या खेड्यांत त्यास दुसरा प्रवाह येऊन मिळतो, आणि तो आहे तरुणांच्या स्थलांतराचा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या शेकडा १६ ने वाढली, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याची शेकडा ३६ ने. सांगली जिल्ह्याची मात्र शेकडा ९ च्या थोडी वर आणि सातारा जिल्ह्याची तर शेकडा ७ हून किंचित कमी. ठाण्याकडे पाळणे अधिक हलले असे नव्हे. इकडची माणसे तिकडे गेली. हे जाणे नवीन नाही. गिरणगावात सातारकरांच्या खोल्या होत्या, तशाच आज नवी मुंबईच्या बाजार आवारात पाटण-जावळीकडील माथाडी कामगार आहेत. त्यांचे पुढारी अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातलेच. १९६९ चा माथाडी कायदा झाला त्यामागे त्यांची चळवळ होती. येथे एक गंमतीची गोष्ट सांगावीशी वाटते. डोंगरातील बापाच्या शेतात पाठीवर ओझे घ्यावयास तरुण माणूस मिळत नाही, आणि त्याच बापाचा मुलगा दुसऱ्या कोणाच्या शेतातील कांद्या-बटाट्याची पोती वाशीच्या बाजारात पाठीवर वाहत असतो. कारण तेथे त्या ओझ्याचे दाम ठरलेले आहेत आणि येथे ते कोणीच देत नाही.

या स्थलांतरात आम्हां शाळावाल्यांचाही हात आहे, हे कबूल केले पाहिजे. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ पासून साताऱ्यात तिचे काम सुरू झाले. शेतकऱ्याच्या मुलाने शिकावे ही त्यांची तळमळ. त्यांच्या वसतिगृहांत मुले स्वतः कष्ट करून शिकत. आमच्यासारख्या मिशनच्या शाळांनीही आपापल्या परीने हेच केले. मुले शिकली, आणि शिकलेल्या मुलाने नांगर धरावा असे त्याच्या आईबापांसही वाटेनासे झाले. आम्हांस याबद्दल खेद नाही. पण ज्या घरातून आम्ही एक हात काढून घेतला त्या घरचे शेत पुढे कसे चालले, हे विचारणे आमचे कर्तव्य आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. लोकांची समजूत अशी की, शेतकरी म्हातारा झाला म्हणजे शेत पडीक पडते. पाटण-जावळीच्या डोंगरात, जेथे रानडुकरे व गवे पिकांत शिरतात आणि रात्री राखण करावयास कोणी नाही, तेथे हे काही ठिकाणी खरेही आहे. परंतु सपाटीवर म्हातारा मनुष्य शेत सहसा टाकून देत नाही. तो पीक बदलतो. ज्या पिकास हात अधिक लागतात ते सोडतो आणि ज्यास कमी लागतात ते धरतो. शेत हिरवेच दिसते, म्हणून वाटेने जाणाऱ्यास काही झाल्याचे कळतही नाही. कळते ते पुढे बाजारात.

रब्बी ज्वारीचे उदाहरण घ्या. माण-खटाव आणि जतकडील शाळू प्रसिद्ध आहे. त्यातली मालदांडी तर पुण्या-मुंबईचे लोक नाव घेऊन मागतात. हे पीक पाणी थोडे मागते, पण माणूस फार मागते. पेरणीनंतर कोळपणी आणि खुरपणी आली. कणसांत दाणे भरू लागले की पाखरांच्या थव्यांपासून राखण. पूर्वी हे काम मुलांचे असे, माळ्यावर उभे राहून गोफण फिरवावयाची. हल्ली ती मुले आमच्या वर्गात बसलेली असतात! पुढे काढणी. आपल्याकडे शाळू विळ्याने न कापता मुळासकट उपटण्याची चाल आहे, कारण कडबा लांब मिळतो. काळ्या जमिनीतून, भेगा पडलेल्या असताना, वाकून एकेक ताट उपटीत जाणे हे काम किती कठीण आहे ते ज्याने एक दिवस केले असेल त्यासच कळेल. तळहात सोलून निघतात आणि कंबर सरळ होत नाही. नंतर कणसे मोडणे, मळणी, उफणणी आणि कडब्याच्या पेंढ्या बांधून गंज रचणे. मळणीस यंत्र आले आहे. उपटणीस मात्र खेड्यात सहज मिळेल असे यंत्र अजून नाही. साठ वर्षांच्या जोडप्याने हे सारे करावे कसे? मजूर लावावेत, तर ते त्या आठ-पंधरा दिवसांत सर्वांस एकदमच हवे असतात, आणि गावात राहिलेले मजूर तरी तरुण कोठे आहेत?

शेजारीच कालव्याचे किंवा उपसा योजनेचे पाणी आले असेल, तर म्हाताऱ्याचा निर्णय आपोआप होतो. तो ऊस लावतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा राहतो. लागणीचे, खताचे व भरणीचे काम एकदा उरकले की पुढे मुख्यतः पाणी देणे. तोडणीस कारखान्याची टोळी येते. मराठवाड्यातून व अहिल्यानगरकडून नवरा-बायकोच्या जोड्या येतात, आणि अशा एका जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. दोन जीव मिळून हिशेबात एक हत्यार होतात, ही गोष्ट आमच्या मनास नेहमी बोचते. ऊस तुटला की खोडवा राखता येतो, म्हणजे पुन्हा लागण नाही. बाजारात जाऊन घासाघीस करणे नाही. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत किमान दर द्यावा असा १९६६ च्या आदेशाप्रमाणे नियम आहे. तो नेहमी पाळला जातोच असे नाही, तरी पैसे बुडणार नाहीत एवढा भरवसा असतो. वाळवा, पलूस, कऱ्हाडकडे उसाचे रान का पसरले याची कारणे पुष्कळ आहेत. पाणी आहे, कारखाने आहेत, भावाची हमी आहे. पण ‘हे पीक म्हातारपणास सोसते’ हेही एक कारण आहे, आणि ते कोणत्याही अहवालापेक्षा बांधावर बसलेल्या आजोबांच्या तोंडून लवकर ऐकावयास मिळते. पावसाळी पिकांत सोयाबीनने भुईमूग आणि कडधान्ये यांस मागे सारले, त्यातही काही अंशी हाच हिशेब आहे: भुईमूग उपटून शेंगा तोडाव्या लागतात, सोयाबीन यंत्रात घातले की मोकळे.

ज्वारी गेली की तिच्याबरोबर कडबा जातो. कडबा विकत घेऊन म्हैस पोसणे परवडत नाही. शिवाय धार सकाळ-संध्याकाळ काढावी लागते, तीस सुट्टी नाही. गुडघे धरलेल्या आजीने दोन म्हशींची एक करावी, आणि मग एके दिवशी तीही बाजार दाखवावी, हे घरोघर घडत आहे. जनावर गेले की शेणखत गेले, आणि शेत पुरते दुकानातील खतावर आले. एका कुटुंबाने हात आखडल्याने अशी साखळी सुटत जाते.

मग जमीन दुसऱ्या एखाद्या तरुण शेतकऱ्यास का देऊ नये, असे विद्यार्थी विचारतील. देतात, निम्म्या वाट्याने देतात, खंडाने देतात. पण बहुतेक तोंडी आणि एका वर्षाच्या बोलीने. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला. तो कायदा न्यायाचा होता. पण तेव्हापासून जमीनवाल्याच्या मनात ‘कूळ लागेल’ ही धास्ती कायमची बसली. परिणाम असा की, करणाऱ्याजवळ कागद नसतो; कागद नाही म्हणून त्यास पीककर्ज किंवा विमा सुलभपणे मिळत नाही; पुढील वर्षी हेच शेत आपल्याकडे राहील याची खात्री नाही, म्हणून तो बांध घालीत नाही, शेणखत टाकीत नाही, झाड लावीत नाही. त्यातच जमिनीचे तुकडे. महाराष्ट्रात दर खातेदारामागे सरासरी जमीन १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेदहा एकर होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास उरली. एवढ्याशा तुकड्यावर मोठे यंत्र वळतही नाही.

जुन्या करारातील रूथची कथा आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. सातूच्या कापणीच्या आरंभी वृद्ध नामी बेथलेहेमास परत आली, तेव्हा तिच्या नवऱ्याची जमीन तेथे होती. ती पुढे बवाजाने सोडविली. परंतु हक्काची जमीन असूनही नामीच्या घरात भाकरी आली ती तरुण सुनेने दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचला तेव्हा. जमीन एकाची आणि राबणारे हात दुसऱ्याचे, हा प्रश्न फार जुना आहे.

आता बाजारात काय होते ते पाहू. ज्वारी ही एके काळी गरिबाची भाकरी आणि गहू सणावाराचा. आज चांगली मालदांडी ज्वारी पुष्कळ वेळा गव्हापेक्षा महाग विकली जाते. पेरा घटला हे एक कारण. पेरा घटण्यास केवळ शेतकऱ्याचे वय कारणीभूत आहे असे आम्ही म्हणत नाही. शिधापत्रिकेवर स्वस्त गहू-तांदूळ मिळू लागला, तेव्हापासूनच खेड्यातील घरांतून ज्वारी मागे हटत होती. पण दुसऱ्या बाजूने मागणी पुन्हा चढली आहे, आणि ती चढविणारेही वृद्धच आहेत! शहरातील साठीच्या माणसांस मधुमेहामुळे पोळी-भात कमी करून ज्वारीची भाकरी खाण्याचा सल्ला मिळतो. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले, त्यानेही या धान्याची प्रतिष्ठा वाढली. अशी मौज आहे की, माणच्या आजोबांस म्हातारपणामुळे ज्वारी पेरवत नाही आणि पुण्याच्या आजोबांस म्हातारपणामुळे तीच हवी असते.

भाजीचे तसेच आहे. मेथी, घेवडा, भेंडी, वांगी यांस रोज किंवा दिवसाआड तोडणी लागते आणि तोडलेला माल त्याच दिवशी बाजारात पोचावा लागतो. म्हातारा शेतकरी पहाटेच्या गाडीने कऱ्हाड किंवा सांगलीच्या बाजारात जाण्याऐवजी बांधावरच व्यापाऱ्यास माल देऊन मोकळा होतो. त्यास दोन पैसे कमी मिळतात. घेणारा मात्र वाहतूक, हमाली, तोलाई, अडत व आपला नफा धरून पुढे विकतो. अशा रीतीने शेतकऱ्याचा भाव खाली आणि गिऱ्हाइकाचा वर, यांतील दरी वाढते. आठवडी बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बायांकडे आमच्या वाचकांनी एकदा नीट पाहावे. त्यांत चाळिशीच्या आतील किती आहेत ते मोजावे. पुढेपुढे असेही होते की, ज्या गावातून भाजी जात असे त्याच गावच्या दुकानात बाहेरची भाजी विकावयास येते.

याचे टोक कोठवर जाऊ शकते ते पाहावयाचे असेल तर जपानकडे पाहावे. त्या देशात शेती हाच मुख्य धंदा असणाऱ्या लोकांची संख्या २००० साली सुमारे २४ लाख होती. २०२४ पर्यंत ती निम्म्याहूनही कमी झाली, आणि त्यांचे सरासरी वय अडुसष्ट वर्षांच्या पुढे गेले. तेथे भातलावणीस यंत्र आहे, कापणीस यंत्र आहे, सरकारचे साहाय्य आहे. तरी २०२४ च्या उन्हाळ्यात दुकानांतील तांदूळ दुर्मिळ झाला आणि २०२५ च्या वसंतापर्यंत त्याची किंमत आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झाली; सरकारला आपल्या राखीव कोठारांतील तांदूळ बाहेर काढावा लागला. त्यास २०२३ चा कडक उन्हाळा, लोकांनी घाबरून केलेली खरेदी, पेरा मर्यादित ठेवण्याचे जुने धोरण अशी अनेक कारणे होती. पण भाव चढला म्हणजे पुढील हंगामी अधिक पिकवावे, हा जो बाजाराचा नेहमीचा उपाय, तो म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या देशात मंदावतो. सत्तर वर्षांचा माणूस भाव चढला म्हणून आणखी दोन एकर करावयास घेत नाही.

परंतु आपला प्रश्न जपानसारखा पुरता नाही. आपल्याकडे तरुण आहेत. ते शेतात नाहीत एवढेच. आणि ते कोठे राहतात हे पाहिले तर बरेच कळते. तासगाव, मिरज, कवठे महांकाळकडील द्राक्षबागांत जावे. ऑक्टोबरची छाटणी, घडांची विरळणी, औषधांच्या फवारण्या, बेदाण्याच्या शेडवरील धावपळ. हे काम ज्वारीपेक्षा हलके मुळीच नाही, उलट जोखमीचे आहे. तरी तेथे तिशी-पस्तिशीचे बागाईतदार दिसतात. महाबळेश्वर-पाचगणीकडे स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांतही तेच. टेंभू, ताकारी व म्हैसाळ योजनांचे पाणी ज्या गावांत पोचले तेथील काही गलाईवाल्यांनीही परत येऊन बागा धरल्या आहेत. तरुण कष्टास भितो म्हणून शेत सोडतो, ही वडीलधाऱ्यांची तक्रार आम्हांस पटत नाही. कष्टाचा मोबदला मिळेल तेथे तो राहतो. ज्वारी-कडधान्यांच्या शेतात तो मिळत नाही, म्हणून ती पिके म्हाताऱ्यांकडे राहिली, आणि म्हाताऱ्यांस ती झेपत नाहीत म्हणून शेतांतून निघाली.

अवजारांविषयी दोन शब्द. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्यामुळे तो कोणी घेईना. पुढे १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि तेथील नांगर व कडबा कापण्याची यंत्रे गावोगाव गेली. आज तसेच काही हवे आहे: लहान तुकड्यावर वळेल असे, वृद्ध मनुष्याच्या हातास पेलेल असे, आणि विकत घ्यावे न लागता भाड्याने मिळेल असे. ठिबक सिंचनाने पाणी देण्याचे कष्ट पुष्कळ कमी केले आहेत. सौरपंप आले, तेथे विजेच्या पाळीसाठी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन विंचवाकाट्यांतून विहिरीवर जाणे टळले. हा लाभ तरुणास सोयीचा आहे, पण वृद्धास तो जीव वाचविणारा आहे. उलट काही सोयी अशाही येतात की ज्या म्हाताऱ्यांस अडचण होतात. २०२१ च्या ऑगस्टपासून आपल्या राज्यात शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाचे छायाचित्र काढून सातबारावर नोंद करावयाची पद्धत, ई-पीक पाहणी, सुरू झाली. ही नोंद राहिली तर नुकसानभरपाईस आणि हमीभावाच्या खरेदीस अडचण येते. अक्षर नीट न दिसणाऱ्या आजोबांनी हे कसे करावे? येथे मात्र शाळेतील मुलांचा उपयोग आहे, आणि पुष्कळ मुले सुट्टीत गावी गेल्यावर हे काम करीतही आहेत.

त्यांस आमची एक विनंती आहे. शेतात नोंद करावयास उभे राहाल तेव्हा आजोबांस किंवा आजीस विचारा: तुमचे वडील तुमच्या इयत्तेत होते त्या वर्षी या तुकड्यात कोणते पीक होते? कामास घरची माणसे किती, बाहेरची किती? बियाणे घरचे की विकतचे? माल कोणत्या बाजारात आणि कशाने गेला? आज तेथे काय आहे, आणि बदल कोणत्या वर्षी व कशामुळे झाला? जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, गावाचे व रानाचे नाव घालून, दोन पानांत उतरवून काढा. अशी टिपणे सुट्टी संपल्यावर आठ दिवसांच्या आत मराठीच्या शिक्षकांकडे द्यावीत. जितकी साधतील तितकी पुढील वार्षिकाच्या या विभागात छापण्यात येतील.